हळदीआधीचा सामना

सदतीस साली कारंज्यात जमशेद पिंजाऱ्याला न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. गाद्या-रजया तो चांगल्याच भरायचा, पण लोक त्याच्या दुकानाशी घुटमळायचे ते काही गादीसाठी नव्हे. पिंजणाची तार दणदणत असायची, दाढीमिशांवर कापूस बसलेला असायचा, आणि हा गृहस्थ फुटबॉलचं भविष्य सांगत असायचा. कोणाचे कोणाशी सामने राहिलेत, कोण कोणाला लोळवणार, कोण बरोबरीवर सुटणार, शेवटी बक्षिसाच्या ढालीपर्यंत कोण पोचणार, सगळं त्याच्या जिभेवर. स्वतः जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण मेलं खरं ठरायचं हो! चार वेळा खरं ठरलं की माणूस फुगतो, तसा हाही फुगला होता.

त्या वर्षी ढालीच्या सामन्यांत कारंज्याच्या गटात मंगरूळ, मूर्तिजापूर आणि अकोला होते. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. गटात जो वर राहील त्यानं अमरावतीला जाऊन अंतिम सामना खेळायचा. कारंज्यानं मंगरूळला हरवलं तेव्हा गावात गूळ वाटला गेला. जमशेदनं गूळ खाल्ला आणि वर सांगितलं, "आता खाऊन घ्या. मूर्तिजापूर आपल्याले हरवते, अकोला तर धुऊनच काढते. राह्यलेल्या दोन्ही म्याचा गेल्या समजा."

इथवर सगळं ठीक होतं. पण याच तोऱ्यात तो पोरीच्या लग्नाची तारीख धरायला बसला, आणि तिथं घोटाळा झाला.

पोरगी कुलसुम. तिची सोयरीक गावातल्याच हबीबशी ठरली होती, आणि हबीब म्हणजे कारंज्याच्या संघाचा गोलकीपर. बाप नव्हता त्याला. आई बिस्मिल्लाबी नवऱ्यामागे शिलाईचं दुकान चालवायची. बाई कात्रीसारखीच तेज. ती तारीख ठरवायला आली तेव्हा खाली महिना चालू होता, म्हणजे दोन ईदांमधला. त्या महिन्यात कोणी निकाह लावत नाही. पुढं बकरीद, आणि बकरीदनंतर मोहर्रमचा चांद दिसेपर्यंत काय ते थोडेसे दिवस मिळतात. चांद दिसला की पुन्हा सगळं बंद. त्यात बिस्मिल्लाबीचे भाऊबंद रिसोडहून बैलगाड्या जोडून येणार. सगळ्यांची सोय बघून तिनं शेवटचा शुक्रवार धरला, जुम्म्याच्या नमाजीनंतर निकाह.

कोपऱ्यात बसलेला हबीब हळूच बोलला, "अम्मा, त्या दिवशी अमरावतीले फायनल हाय."

जमशेद असा हसला की बाहेर बांधलेली बकरी उठून उभी राहिली. "फायनल असन बेटा, पन आपली नसन! अकोल्याचे बूटवाले कुठं, आन तुमी अनवानी कुठं. तुह्या हातातून तर बॉल असा सुटते का जसं काही तूप लावलं हाय. धरा बिनधास जुम्मा, मी सांगून राह्यलो."

हबीबनं मान खाली घातली. पडद्याआड कुलसुम ऐकत होती. बिस्मिल्लाबीचं मात्र तोंड असं आवळलं गेलं की लतीफा, म्हणजे जमशेदची बायको, घाबरून सरबताचा पेला पुढं करू लागली. बाई म्हणाली, "माह्या पोराच्या हाताले तूप लावलं हाय, नाई का? बरं. मंग जुम्माच. आता आभाय कोसळलं तरी तारीख हलनार नाई." आणि पेल्याला हातही न लावता उठून गेली.

पुढं काय झालं असेल? मूर्तिजापूरशी बरोबरी झाली! हबीबनं उड्या मारमारून चेंडू अडवले म्हणे. गावानं त्याला खांद्यावर घेतलं, आणि जमशेद दुकानात जाऊन बोटांवर गुण मोजत बसला.

आता अकोल्याचे चार गुण होते, कारंज्याचे तीन, आणि दोघांचा एकच सामना राहिला होता, तोही आपसात. बरोबरी झाली तरी अकोला पुढं. पण कारंजा जिंकलं तर अमरावतीला कारंजाच जाणार, आणि तेही नेमकं निकाहच्या दिवशी. बरं, हळद त्याच्या कितीतरी आधी. एकदा अंगाला हळद लागली की निकाह होईपर्यंत नवरदेवानं गावाची वेस ओलांडायची नाही, ही तिथली रीत. हिंदू-मुसलमान दोघंही पाळायचे. म्हणजे हबीब हळदीला बसला तर संघ गोलकीपरशिवाय जाणार आणि सारा गाव पिंजाऱ्याला शिव्या घालणार. आणि पोरगा हळद सोडून गाडीत चढला, तर कुलसुम लाल जोड्यात तशीच बसून राहणार. वर मोहर्रम. मग कसली तारीख अन् कसलं काय! बिस्मिल्लाबी तर सोयरीक मोडायलाच टपलेली, असं लतीफाला वाटायचं.

"तुमाले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले?" लतीफा रोज विचारायची. "पोरीचा निकाह कोनी असा म्याचीवर लावते काय?"

"अकोला हरत नाई. मी सांगतो ना, नाई हरत," जमशेद म्हणायचा. पण जेवण जायचं नाही. पोरीची गादी भरायला घेतली होती, ती तीनदा उसवली. दुकानाशी लोक विचारत, "चाचा, जिंकतो ना आपन?" तेव्हा पिंजण आणखी जोरात दणकवून तो ऐकू आलं नाही असं दाखवायचा. एकदा नमाजीला बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण दुवा मागतोय ती अकोल्यासाठी. लाज वाटली बिचाऱ्याला. जन्मभर ज्या कारंज्यासाठी घसा फोडला, त्यालाच हरव म्हणून अल्लाकडे हात पसरायचे! पण त्यानं ती दुवा मागे घेतली नाही, हेही खरं. पोरीचा बाप होता तो.

कुलसुम रजईला टाके घालत बसायची. एकदा बापाच्या ताटात भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "अब्बा, ते मन लावून खेळतात हो." बस्स. जमशेदनं ताट बाजूला सारलं.

सामना कारंज्यातच होता, कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानावर. मंगळवारचा बाजार सोडून माणसं आली. जमशेद येणार नव्हता. पण पाय ऐकतील तर ना! येऊन तो हबीबच्या गोलामागं उभा राहिला, मुंडासं कपाळावर ओढून, जसा काही कोणी ओळखणारच नव्हतं.

अकोलेवाले बूट आपटत आले आणि पहिल्यापासून चढून खेळले. हबीब एकेक चेंडू घेत होता. आणि मग, कसं झालं कोणाला कळलं नाही, कारंज्याच्या रतनसिंगनं एकट्यानं चेंडू पुढं काढला आणि गोल ठोकला. मैदान नाचायला लागलं. जमशेद मटकन खाली बसला. शेजारच्यांना वाटलं, म्हातारा खुशीनं बसला.

सामना संपत आला आणि पंचानं कारंज्याविरुद्ध पेनल्टी दिली. हा गोल झाला की बरोबरी, बरोबरी झाली की अकोला पुढं, आणि कुलसुमचा निकाह ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. झालं, सुटलो, जमशेदच्या मनात आलं. त्यानं मान वर केली.

हबीब मागं वळून त्याच्याचकडे बघत होता.

त्या पोराच्या डोळ्यांत काय होतं ते जमशेदनं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही. पण त्याला समजलं. हात खाली सोडून पोरगा उभा होता. हा चेंडू तो जाऊ देणार होता, सासऱ्याचा शब्द राहावा म्हणून. कुलसुमवर बोट उठू नये म्हणून सगळ्या गावादेखत तो हातांना तूप लावून घेणार होता, आणि मग जन्मभर तेच ऐकत राहणार होता. अरे, असला जावई दिवा लावून शोधला तरी मिळाला असता का? आणि आपण त्याला काय काय बोललो!

तो ताडकन उठला, मुंडासं फेकून दिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "काहून पाहून राह्यला माह्याकडं? पकड त्याले! हबीब, पकड!"

हबीब फिरला आणि झेपावला. चेंडू त्याच्या छातीशी होता.

गावाचा जल्लोष चालू असतानाच जमशेद बोडक्या डोक्यानं बिस्मिल्लाबीच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिला. येणारेजाणारे थांबले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भाबी, मी चुकलो. तुमच्या पोराच्या हातात लोखंड हाय. मले काहीच समजत नाई, उगा बडबड करतो. निकाह एक दिवस अलीकडं घ्या, जुमेरातले. मांडवाचं मी पाहतो, काझीसाहेबाचे पाय मी धरतो, रिसोडले सांगावा घेऊन मी सोता जातो. पन माह्या पोरीले टाकू नका."

बिस्मिल्लाबीनं मशीन थांबवलं. हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग ती म्हणाली, "टाकाची गोष्ट कोनं काढली, भाईजान? माहा पोरगा रोज माह्यासंगं भांडून राह्यला, का कुलसुमले दुःख होईन असं काही करू नको म्हनून. मले फक्त तुमच्या तोंडून हेच आयकाचं होतं. जुमेरात तर जुमेरात."

पुढच्या आठवड्यात हळद लागली, आणि गुरुवारी निकाह. शुक्रवारी पहाटे मेंदीच्या हातांनी हबीब संघाबरोबर छोट्या रुळांच्या आगगाडीत बसून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला गेला.

दुकानाशी ही गर्दी. "चाचा, सांगा ना, काय होईन?" जमशेद पिंजण घेऊन बसला होता, पण तारेला हात लावत नव्हता. संघ कोणते, त्यांचे पाय किती तेज, सगळं त्याला माहीत होतं. पण डोळ्यांसमोर येत होतं ते बूटवाल्यांच्या पायांत डोकं घालणारं ते पोरगं. "मले नाई माहीत," तो म्हणाला. लोकांना वाटलं, थट्टा करतोय. लतीफानं जेवायला बोलावलं, गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच स्टेशनवर जाऊन बसला.

शनिवारी संध्याकाळी गाडी आली. हबीब लंगडत उतरला, कपाळाला पट्टी. जमशेद धावला, त्यानं पोराला दोन्ही हातांनी धरलं, कपाळ पाहिलं, पाय दाबून पाहिला. "लय लागलं काय रे? रगत थांबलं ना? चालता येते का? काही खाल्लं का नाई?" असं विचारत, त्याची वळकटी खांद्यावर घेत त्याला आपल्या घरी आणलं. नवरा येईपर्यंत माहेरीच थांबलेल्या कुलसुमनं दारातच गरम पाण्याची परात ठेवली होती.

पोरगा जेवून झोपला, आणि मग लतीफानं विचारलं, "मंग, कोन जिंकलं?"

ते विचारायचं जमशेदला सुचलंच नव्हतं.