बदाम खाणारी कबुतरं

लेकीच्या लग्नाचा शालू आम्ही नांदेडात घेतला. लातुरात दुकानं नाहीत असं नाही. पण माझ्या वडिलांना, अप्पांना, तो आधी दाखवायचा होता आणि ते लातूरला यायला तयार नव्हते. कबुतरं सोडून दुसरीकडे मुक्काम करायचा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. म्हणून मी आणि लेक गाडी करून गेलो, शालू घेतला आणि माहेरच्या बैठकीत तो उलगडून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी पदराची जर बोटांनी चाचपली. "लई भारी हाय," म्हणाले. "किती दिवस नेसायचा?"

"एक दिवस. लग्नाचा शालू रोज कोण नेसतं, अप्पा?"

"आन मग?"

"मग कपाटात."

ते हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. "माझी कबुतरं... रोज उडतेत," एवढं वाक्य खोकल्यातून तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. मी कसली ऐकून घेते. "तुमची कबुतरं बदाम खातात," मी सुनावलं. "आमच्या पोरांना परीक्षेच्या दिवसांतसुद्धा इतके मिळाले नाहीत." पण खोकला थांबेचना. लेक पाणी आणायला धावली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर सदरा घामानं ओला होता, आणि बाहेर तर पावसाचा चांगलाच गारवा होता.

अप्पा बिलोलीकडच्या शाळांमध्ये गणिताचे मास्तर होते. खडू नखाएवढा होईपर्यंत वापरणारा माणूस. सदऱ्याची कॉलर विरली की उलटी करून शिवून घ्यायचे आणि दिवाळीला नवीन कपडे आमच्यासाठी आले तरी त्यांच्यासाठी यायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर नांदेडात घर बांधलं, धाकटा भाऊ आणि भावजय सोबत राहायला आले, आणि या माणसानं गच्चीवर कबुतरांचं खुराडं बांधलं. लहानपणी शेजारच्या एका कबुतरबाज चाचांनी लावलेला नाद होता म्हणे, चाळीस वर्षं मास्तरकीखाली दाबून ठेवलेला. ज्वारी, बाजरी, करडई तर होतीच, पण लांब उडणाऱ्या पाखरांना भिजवलेले बदाम, थंडीत तुपाचा हात लावलेल्या कणकेच्या गोळ्या. आई होती तोवर बदामाच्या डब्यावरून घरात रोज वाजायचं. आई गेल्यावर भांडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मन लावून केलं.

माझा हिशेब सरळ होता. लग्नाचा शालू चार लोक बघतात, म्हणून ती गरज. कबुतरं अप्पांशिवाय कुणी बघत नाही, म्हणून ती उधळपट्टी. मी शाळेत शिकवते, त्यामुळे असे दोन रकाने पाडायची सवय हाडीमाशी मुरलेली आहे.

त्या मुक्कामातच आम्ही त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅन झाला. डॉक्टर तरुण होते, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात पक्षी आहेत का?" भावानं आणि मी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली की काही माणसांची फुप्फुसं कडक होत जातात. झालंय ते परत मऊ होत नाही. उरलंय ते राखायचं असेल तर घरात एक पीस दिसता कामा नये. नाहीतर हळूहळू जिना चढता येणार नाही, मग चालता येणार नाही, मग बोलता येणार नाही. हे सगळं त्यांनी अप्पांच्या देखत सांगितलं.

"बरं," अप्पा म्हणाले.

घरी जाऊन मोठा तमाशा होणार अशी आमची तयारी होती. तो झालाच नाही. "पाखरं न्या म्हणलं ना," एवढंच बोलून ते जेवायला बसले. मला ते आवडलं नाही. वर्गातलं वांड पोरगं एकाएकी शहाण्यासारखं वागायला लागलं की मी त्याच्या दप्तराकडे बघते.

लातूरच्या पुढे मुरुडला माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक आडत दुकानदार आहेत, त्यांनाही हाच नाद. त्यांनी कबुतरं ठेवून घ्यायचं कबूल केलं. आता या लोकांचा एक रिवाज आहे. नव्या घरी आलेल्या कबुतराच्या पंखांतली मोठी पिसं दोऱ्यानं बांधून ठेवायची. जोडीनं तिथं अंडी घातली की ती तिथली झाली असं समजायचं आणि मगच दोरा सोडायचा. अप्पांनी एकेक पाखरू हातात घेऊन स्वतः दोरे बांधले. भावानं पिंजरे गाडीत ठेवले. मी निघताना अप्पा खिडकीशी आले. "अंडी घातल्याबिगर सोडू नको म्हणावं त्येला," म्हणाले. लोहा, अहमदपूर मागे पडलं तरी पिंजऱ्यांतून आवाज आला नाही. एरवी घुमणारी ती पाखरं मुरुड येईपर्यंत गप्प होती आणि मीही रेडिओ लावला नाही.

नंतरच्या दिवसांत भाऊ फोनवर सांगायचा, "खोकला कमी हाय ताई. पण बोलतच न्हाईत. अर्धी भाकर खातेत." खुराडं मोडलं, गच्ची धुऊन काढली. कबुतरं उतरायची ती बांबूची छत्री मात्र अप्पांनी काढू दिली नाही. कपडे वाळत घालायला होईल म्हणाले. तिच्यावर कधी कपडे पडले नाहीत. सकाळी ऊन खायला म्हणून ते खुर्ची घेऊन वर बसायचे, आणि भावजयीनं मला सांगितलं की खुर्ची ते उन्हाकडे पाठ करून ठेवतात. ऊन पूर्वेला. पाठ तिकडे केली की तोंड लातूर-मुरुडच्या बाजूला येतं.

मला वाईट वाटत होतं. म्हणून मी त्यांच्यासाठी लग्नाचं जाकीट शिवायला टाकलं. रेशमी, अस्तराचं, आमच्या घरात कुणी कधी अंगावर घातलं नसेल असं. नवऱ्यानं विचारलं, एवढं भारी कशाला. मी म्हटलं, माझ्या बापानं जन्मात एक चांगला कपडा घातला नाही, मला हौस आहे. नांदेडच्या टेलरनं घरी येऊन माप घेतलं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आणि आमच्या घरी पत्रिका वाटायची धांदल चालू असताना मुरुडहून फोन आला.

"ताई, अंडी घातल्याली व्हती सगळ्या जोड्यांनी. म्हणून सकाळी दोरे सोडले बगा. दोन घिरट्या मारल्या आन सरळ गेल्या."

"कुठं?"

"आता कुठं जातील," ते म्हणाले. "अंडी टाकून गेल्या, ताई. असं कधी व्हत न्हाई. अंडी पार गार पडली."

मी भावाला फोन लावला. गच्चीला कुलूप घाल, म्हटलं. तो म्हणाला, "अप्पा वरच हायत." बोलता बोलता तो जिना चढत होता. मग म्हणाला, "एक आलं, ताई. छत्रीवर बसलंय."

सगळी आली नाहीत. वाटेत काहींना ससाण्यानं गाठलं असेल. पण दुसऱ्या दिवशी मी नांदेडला पोचले तेव्हा अप्पा गच्चीवर खुर्चीत बसले होते, पायाशी कबुतरं दाणे टिपत होती, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मला आधी बरंच वाटलं. मग त्यांच्या बाहीवर चिकटलेलं बारीक पांढरं पीस दिसलं.

भावानं पोती आणून ठेवली होती. यांना तेलंगणात लांब कुठं तरी सोडून येतो म्हणाला. अप्पा शांत होते.

"माझ्या छतावर आपल्या पायानं उतरल्यात," ते म्हणाले. "अशी पाखरं माघारी धाडायची नसतेत. आमच्यात तसं चालत न्हाई."

"आमच्यात म्हणजे कुणात?" मी म्हटलं. "तुम्ही मास्तर आहात, अप्पा. डॉक्टर काय बोलले ते ऐकलंत ना? दम जाईल तुमचा."

"जाईल की."

"आणि नातीचं लग्न?"

"येतो ना. तुझं ते जाकीट बी घालतो. तुला हौस हाय, घालतो की." मग दम खाऊन म्हणाले, "माझं एवढं ऱ्हाऊ दे."

"तुम्हाला ठाऊक होतं का, ती परत येतील म्हणून? अंडी टाकून?"

"ठाव नव्हतं," ते म्हणाले. "वाटून राहिलं होतं."

मला त्यांचा भयंकर राग आला. पोटच्या पोरांपेक्षा पाखरं जड झाली, असं मी तोंडावर बोलले. आणि तरी पोती तशीच पडून राहिली, कारण त्या दुपारी ते दोन भाकरी जेवले. भावजयीनं तिसरी वाढली तेव्हा नको म्हणाले नाहीत. खालच्या मानेनं जेवणारा तो माणूस बघून भावानं पोती घडी करून जिन्याखाली ठेवली. आम्ही मास्क आणून दिला. तो कायम त्यांच्या हनुवटीवर असायचा.

लग्नाला ते आले. जाकीट खांद्यांवरून उतरत होतं. टेलरनं मापात चूक केली नव्हती, माप घेतलेला माणूसच तेवढा उरला नव्हता. पाहुणे म्हणाले, मास्तर आज नवरदेवासारखे दिसताहेत. जो तो शालूचं कौतुक करत होता. लेक पाया पडायला वाकली, तिचा पदर त्यांच्या पावलांवर पसरला, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. नुसता श्वास आत-बाहेर होत राहिला आणि लेक वाकलेलीच राहिली. शेवटी मीच तिला हाताला धरून उठवलं. एवढा खर्च करून सजवलेल्या त्या दिवसात मी फक्त त्यांचे खांदे वरखाली होताना बघत होते.

लग्नानंतर मीच त्यांना नांदेडला पोचवायला गेले. तोवर त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. संध्याकाळी त्यांनी वर बोट दाखवलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा दाखवलं. भावानं आणि मी दोन्हीकडून धरून, थांबत थांबत, त्यांना जिना चढवला आणि खुर्चीत बसवलं. भावानं नव्यानं उभं केलेलं खुराडं उघडलं. कबुतरं उठली, एकदम वर गेली, घरांवरून मोठं वर्तुळ घेऊन फिरायला लागली. अप्पा मान वर करून बघत होते. त्या वेळी ते आजारी दिसत नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे.

उजेड कमी व्हायला लागला. पाखरांना खाली बोलवायची अप्पांची एक हाक होती, घशातून काढलेली, लांबवलेली "आ". त्यांनी ती मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. त्यांनी परत प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि नुसती हवा फुसफुसली. वरची पाखरं फिरत राहिली, दर फेरीला थोडी लांब जात. टाकीच्या पलीकडे एक ससाणा कधीचा बसलेला मला दिसत होता.

अप्पांनी माझा पदर ओढला. आधी आभाळाकडे बोट केलं, मग माझ्या गळ्याकडे.

मी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. थोडा वेळ गप्प बसले असते तर अंधार पडला असता, पाखरं पांगली असती, आणि डॉक्टरांना हवं होतं ते आपोआप झालं असतं. भाऊ माझ्याकडे बघत होता. नको, असं तो ओठांनी म्हणाला. अप्पांची पदरावरची मूठ सुटत नव्हती.

मी हाक मारली. लहानपणी कधी तरी ऐकलेला सूर नव्हता तो, म्हाताऱ्या माणसाच्या गच्चीवर इतक्या वर्षांत कानावर पडलेला होता, आणि तो माझ्या घशातून जसाच्या तसा निघाला. एकेक करून कबुतरं उतरली, आमच्या चहूबाजूंनी पंख फडफडले, धूळ उठली, आणि अप्पांनी हसत हसत तोंड उघडून मोठा श्वास घेतला.