तळघरात न उतरलेले पाइप

प्रवाळांच्या मोठ्या टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी अर्धी रिकामी दिसली, तेव्हा फोल्कमारला आपल्या मेहुण्याची दया आली. ऑर्टविन काजुल्के, उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला आणि प्रवाळांच्या पायी हागेन गाव न सोडलेला माणूस. त्याला त्याच्या बहिणीने, म्हणजे फोल्कमारच्या बायकोने, रोझविटाने, ओढून उत्तर समुद्रावर नेलं होतं. "घरात समुद्र कोंडून ठेवलायस, एकदा सुटा समुद्र तर बघ," म्हणून. घर राखायला फोल्कमार. त्याने मोठ्या मायेने झारीझारीने नळाचं पाणी ओतून ती टाकी काठोकाठ भरली. मग टीव्हीवर फुटबॉल सुरू झाला, आणि पंपाची घरघर नको म्हणून त्याने बटण बंद केलं.

ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांना इथे घाम फुटला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. वरच्या मोठ्या टाकीतलं पाणी पाइपाने खालच्या टाकीत उतरतं, गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप थांबला की वरचं थोडं आणि पाइपातलं सगळं पाणी खाली येतं. त्याला बसायला जागा लागते, म्हणून खालची टाकी अर्धी रिकामी ठेवायची. ती जागा फोल्कमारने झारीने भरून टाकली होती.

स्वयंपाकघरात बटाटे परतून तो बाहेर आला तो थेट पाण्यात. मोजे भिजले. घाबरून त्याने दिसेल तो प्लग उपटला आणि पुन्हा लावायची काही छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्टविन परतेपर्यंत पाणी नुसतं उभं होतं. निम्मी प्रवाळं पांढरी पडली. अळंबीच्या छत्रीसारखं एक थोरलं प्रवाळ होतं, त्याला राग आला की ते आपले केसांसारखे सगळे तंतू आत ओढून बोडकं होऊन बसायचं. "अगदी बाबांवर गेलंय," रोझविटा म्हणायची. तेही बोडकं झालं, आणि या वेळी त्याचा राग काही उतरेना.

शिवाय फरशीखाली तळघर. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाचा एकेक जाळीचा कप्पा, आणि नेमका गळतीखाली घरमालकीण डेमुटबाईंचा. त्यांच्या नाताळच्या देखाव्यातल्या लाकडी मेंढ्यांवर मिठाचे डाग पडले.

"आजोबांनी कोरलेल्या आहेत त्या," डेमुटबाई म्हणाल्या. "काजुल्के, टाकी हलवा. नाहीतर असं काहीतरी दाखवा की पाणी पुन्हा माझ्या मेंढ्यांवर येणार नाही."

त्या 'नाहीतर'ला धरून ऑर्टविन लटकला. भिंतीच्या कागदाची उरलेली गुंडाळी त्याने जेवणाच्या टेबलावर उलटी पसरली आणि आखायला बसला. खालची टाकी थेट तळघरात, स्वतःच्या कप्प्यात. तिथे जमिनीत मोरी आहे, म्हणजे सांडलं तरी वाहून जाईल. त्यासाठी दिवाणखान्याच्या जमिनीला भोक पाडायचं आणि पाइप खाली उतरवायचे. प्रायश्चित्त म्हणून फोल्कमार फूटपट्टीचं दुसरं टोक धरायला यायचा.

"सरळ खाली ने की. हा वळसा कशाला?"

"तिथे तुळई आहे."

"मग चार कोपरे टाक."

"कोपऱ्याकोपऱ्याला पाण्याचा जोर मरतो. आधीच पंपाला मजला चढायचाय. तुला जिना चढताना धाप लागते ना?"

"मी काय पंप आहे?"

"पंप असतास तर तुला कधीच बंद करून ठेवला असता."

पाणी उतरायला एक पाइप, तो तुंबला तर दुसरा, दुसरा तुंबला तर तिसरा. "आणि तू कुठे बसणार?" फोल्कमारने विचारलं. ऑर्टविन हसला नाही. तो पाणी वर चढवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, एक बारीक भोक काढत होता. पंप थांबला, पाणी जरासं उतरलं, की हे भोक उघडं पडणार, हवा ओढणार आणि पाण्याचं परत येणं तिथेच तुटणार.

"एवढंसं भोक?"

"गोगलगाय बसली तर तेही बुजतं. रोज काडी घालून साफ करायचं."

प्रवाळाकडे बघून तो म्हणाला, "प्रवाह नीट झाला की हे उघडेल." असं तो रोज म्हणायचा. म्हणून मग फोल्कमारने 'कधी' विचारणं सोडून दिलं.

शेवटी सगळे तळघरात जमले. रोझविटाने केक आणला होता, मेंढ्यांच्या नुकसानीला जरा उतारा म्हणून. डेमुटबाईंनी आराखडा दिव्याखाली धरून शांतपणे पाहिला. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. असत्या तर सोपं गेलं असतं.

"वीज गेली तर?"

"खाली जागा ठेवलीय. हे भोक हवा ओढतं."

"आणि भोक बुजलं तर?"

"बुजणार नाही. रोज काडी घालतो."

"तुम्ही नसाल तेव्हा काडी कोण घालणार?"

सगळ्यांनी फोल्कमारकडे पाहिलं. फोल्कमारने मेंढ्यांकडे पाहिलं.

"मी असतोच," ऑर्टविन म्हणाला.

"तुमचं वय काय, काजुल्के?" डेमुटबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझंही तेच. जमिनीला पाडलेली भोकं उद्या कोण बुजवणार? नको. राहू दे." आणि केकचा तुकडा घेऊन त्या जिना चढून गेल्या.

पुढच्या रविवारी प्रवाळवाल्या मंडळातली माणसं बादल्या घेऊन आली. कोणी काय न्यायचं हे ऑर्टविनने स्वतः वाटून दिलं. ते बोडकं प्रवाळ डॉर्टमुंडच्या एका दाताच्या डॉक्टरने नेलं. थोड्याच दिवसांत त्याने फोटो पाठवला: प्रवाळ पूर्ण उघडलेलं, केस पाण्यात लहरताहेत. ऑर्टविनने फोटो पाहिला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि रिकाम्या टाकीची काच पुसायला लागला. तळघरासाठी आधीच मापाने कापून ठेवलेले पाइप अजून कोपऱ्यात उभे होते.

फोल्कमारला राहवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो म्हणाला, "ऑर्टविन, एका अर्थी सुटलास बघ. आता कुठेही जाता येईल. रोझविटा सांगत होती, मागच्या वेळी तू किनाऱ्यावर उभा राहून 'प्रवाह चांगलाय, पण पंप कुठे दिसत नाही' म्हणालास आणि परत चल म्हणून मागे लागलास. या वेळी निवांत जाऊ. मीही येतो. चल समुद्रावर."

ऑर्टविनने फडकं पिळलं.

"तिथे माझं काय काम?"