रोज संध्याकाळी भिवा मरायचा

खरं बोलून तुम्ही कधी कुणाला रोज रडवलंय? मी रडवलंय — माझ्या आजोबांना. हे आजवर कुठं लिहिलं नाही, कुठल्या सभेत बोललो नाही. आणि रडवणं हा तर गुन्ह्याचा लहान भाग आहे.

एका मासिकानं विचारलं, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरांसाठी कोणती पुस्तकं उपयोगी, यावर लिहाल का? तुमच्या घरात तो आजार होता म्हणे. होता. पुस्तकंही होती. त्यातली दोन रद्दीत घालायच्या लायकीची. एकात मेंदूच्या चित्रांपलीकडे काही नाही. दुसरं सांगतं, रुग्णाला रोज बागेत फिरवा, मदतीला नर्स ठेवा. आमच्या आष्टी तालुक्यातल्या गावात बाग? असलं लिहिणाऱ्यांना मी काय बोलू? पण तिसरं चांगलं होतं. पातळ, मोठ्या अक्षरांचं, बीडच्या स्टँडजवळून मीच आणलेलं. ते उपयोगी होतं. निरुपयोगी होतो मी.

आबा म्हणजे वडिलांचे वडील. त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, भिवानं, जन्मभर मेंढरं राखली. भिवा वारला, मेंढरं विकली, त्याला बरीच वर्षं झाली. आबांच्या डोक्यातून ती वर्षंच पुसली गेली. दिवस कलला की ते दारात यायचे आणि आईला विचारायचे, "भिवा आला का गं?" मागं राहिलेला भाऊ मेंढरं घेऊन आल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. सासऱ्यांना मामा म्हणणारी आई चुलीपासूनच सांगायची, "आले की धाकले मामा. मेंढरं कोंडतेत. तुमी बसा, मामा, जेवून घ्या." आबा जेवायचे. आई फार मायाळूपणानं बोलायची असं नाही. तिला भाकरी उरकायच्या असायच्या, एवढंच.

मला ते खुपायचं. मी बुवाबाजीविरुद्धच्या पत्रकांवर वाढलेला पोरगा. कडा गावच्या बाजारात उभं राहून मी लोकांच्या हातात सत्याची पत्रकं कोंबली आहेत — आणि माझ्याच घरात आजारी माणसाशी रोज खोटं? मी आईला सुनावलं.

"मंग काय सांगू?" ती म्हणाली. "त्या पुस्तकात काय लिवलंय ते वाच की. का त्यात नुसतं दुसऱ्याला शिकवायचंच लिवलंय?"

आईला वाचता येत नाही.

मी पुस्तक उघडलं. तिथं साध्या शब्दांत होतं — रुग्णाची चूक काढू नका. तो ज्या काळात असेल तिथं जाऊन त्याच्याशी बोला. गेलेल्या माणसाची बातमी पुन्हा पुन्हा देऊ नका, त्याला ती दर वेळी नवीनच असते. मी ते वाचलं. मनात. मला ते मिळमिळीत वाटलं, भेकड वाटलं. आणि त्याच ओळीवर बोट ठेवून मी मोठ्यानं वाचलं — रुग्णाला दर वेळी खरं सांगावं, त्यानं बुद्धी ताळ्यावर येते.

कळलं ना? पुस्तकात नसलेलं मी पुस्तकाच्या आवाजात वाचलं. पोथी उघडून बायाबापड्यांना भीती घालणाऱ्या बुवांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याचा निदान पोथीवर विश्वास तरी असेल. माझा कशावर होता?

दुसऱ्या दिवसापासून आई सांगू लागली, "मामा, धाकले मामा वारले. मेंढरं इकली." आबांना ती जुनी बातमी नव्हती — भिवा त्या क्षणी मेलेला असायचा. आणि आमच्याकडं घरात माणूस गेला की त्या दिवशी चूल पेटत नाही. आबांना समोर जाळ दिसायचा. "माझा भिवा गेला आन तू भाकरी थापतीस? लाज वाटंना का तुला?" जन्मात सुनेला वाकडा शब्द न बोललेला माणूस तिला शिव्या घालायचा, रडायचा आणि उपाशी झोपायचा. सकाळी विसरायचा. संध्याकाळी भिवा पुन्हा मरायचा.

आबांची मनगटं काटकुळी झाली. मी बघत होतो. तेव्हा तरी पुस्तक पुन्हा उघडलं का? नाही. "सुरुवातीला त्रास होणारच," असं आईला बजावलं. आपलं चुकलं असं म्हणायची मला सवयच नव्हती.

एकदा आई पदराला हात पुसत माझ्याकडं आली. खालच्या आवाजात म्हणाली, "आज खोटं बोलले रे. आले म्हनलं भिवामामा. जेवले पोटभर. पुस्तकाच्या इरुद्ध गेले मी."

आणि मी तिला माफ केलं. "एखाद दिवस चालतं," असं म्हणालो. मोठ्या मनानं.

आबा गेले. मी गप्पच राहिलो. मग परवा शेजारच्या शेवंताकाकू अंगणात आल्या. त्यांची सासू आता नावं विसरायला लागली आहे. आई त्यांना समजावत होती, "खरंच सांगत जा बाई, कितीबी रडू दे. पुस्तकात हाय तसं." माझं खोटं भिंत ओलांडून शेजारच्या म्हातारीकडं निघालं होतं.

काकू गेल्यावर पुस्तकात खरं काय लिहिलं होतं ते आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती.

"मंग मी आदी करत व्हते ते बरुबर व्हतं?"

"हो."

"तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि चप्पल न घालता शेवंताकाकूंकडं गेली. या विषयावर ती माझ्याशी त्यानंतर बोललेली नाही.

वय, तत्त्व, अज्ञान — यातलं काही पुढं करत नाही. ज्याला वाचता येतं त्यानं अज्ञानाचं नाव घेऊ नये.

मला पुस्तकांची नावं विचारू नका. असं एखादं पुस्तक तुमच्या घरात येऊन पडलं असेल, तर आज ते घेऊन स्वयंपाकघरात जा. त्या माणसाला जी भरवते, धुते, पुसते, तिच्यासमोर बसा. लिहिलंय तसं वाचा. आणि जे वाक्य तुम्हाला पटत नाही, ते दोनदा.