ओल्या पंच्याचा भाग

मला फोनवर बायका मेसेज करतात, ताई कथा कशी लिहायची, सुचतं कसं, पैसे मिळतात का. मी काय शिकवणार, नववीला शाळा सुटली माझी, ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाय. पण माझ्याकडून जे झालं ते सांगते, पटापट सांगते, तो घरी यायच्या आत.

आम्ही नालासोपाऱ्याला पूर्वेला राहतो, वन रूम किचन, नवरा, सासू, मी आणि माझी तीन वर्षांची पोरगी. नवरा वसईला एका गाळ्यात मशीनवर आहे. मारतो. ते पहिलंच सांगून टाकते म्हणजे पुढचं सोपं जाईल. मीठ जास्त झालं तर मारतो, कमी झालं तर मारतो, आणि त्या दिवशी गाळ्यात शेठ ओरडला असेल तर जेवण चाखतसुद्धा नाय.

कथा मी बोलून लिहिते. फोनमधलं माईकचं बटण दाबायचं आणि बोलायचं, अक्षरं आपली आपण येतात. गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलायचे, बायकांना वाटायचं माहेरी बोलते. कथांचं एक ॲप आहे, त्यावर खोटं नाव घेऊन टाकायला लागले. तिथल्या मॅडम मेसेज करायच्या, ताई, पूर्णविराम द्या हो, तुमचं वाक्य संपतच नाही. मी कळवलं, मॅडम, थांबले तर पोरगी उठते.

पहिली कथा मी बंगल्यातली लिहिली, गाडीवाला हिरो, गुलाबाची फुलं वगैरे. कोण वाचेना. मॅडम बोलल्या, बंगला बघितलाय का तुम्ही आतून? जे बघितलंय ते लिहा, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते. मी दोन दिवस विचार करत होते की मला एकटीलाच काय माहीत आहे. मग नवऱ्याने मला ओट्यावर आपटलं, कानात शिट्टी वाजायला लागली, आणि मला कळलं काय माहीत आहे ते.

मग मी सगळं बदललं. घर लांब पुण्याला नेलं, नवरा बँकेत लावला, पोरीच्या जागी पोरगा ठेवला. मला वाटलं आता कोणाच्या बापाला कळणार नाय. फक्त मार आहे तसाच राहू दिला, तो बदलायचं डोक्यातच आलं नाय. मार काय सगळीकडे सारखाच असेल असं वाटलं.

आणि लोक वाचायला लागले. मॅडमनी शिकवलं की भाग कुठे तोडायचा. बोलल्या, हात वर गेला की भाग संपवा, हात खाली आला पाहिजे पुढच्या भागात, आणि तो भाग कुलपात टाका. कुलपातला भाग पैसे भरून उघडतात. मला हसायला आलं. आमच्यात हात वर गेला की लगेच खाली येतो, पुढच्या भागाची वाट बघत नाय.

पण लोक भरायचे पैसे. एक भाग मी नुसता पोराच्या वाढदिवसाचा लिहिला, तो कोण उघडेना. मॅडमचा मेसेज आला, ताई, मार कुठे गेला? खाली वाचणाऱ्या बायका लिहायच्या, ह्या मेल्याचे हात विळीवर चिरा, उकळतं तेल ओता त्याच्यावर. मला बरं वाटायचं, कोणतरी माझ्या बाजूने भांडतंय असं. आणि एक सांगते, कोणाला बोलले नाय अजून. मार खाताना मला भाग दिसायला लागला. तो केस धरून ओढायचा आणि माझ्या डोक्यात यायचं, हे नको, हे मागच्या भागात झालं. घाबरलेलीच असायचे, पण आत कोणतरी बसून लिहून घ्यायचं. तुम्ही लिहायला लागलात की तुमचं पण असं होईल. हे चांगलं की वाईट ते मला माहीत नाय.

मग पंच्याचा भाग टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅसेजमध्ये आम्ही वाल सोलत बसलो होतो, बिरड्याचे, मोड आलेले. मी, सासू आणि समोरच्या वहिनी. सासूला वाचता येत नाय. वहिनी बोलल्या, मावशी, एक कथा मिळालीय मला, काय सांगू, रडाल तुम्ही, आणि फोन काढून मोठ्याने वाचायला लागल्या. पहिल्याच वाक्याला मी ओळखलं. माझंच होतं.

सासू ऐकत होती. कथेतल्या नवऱ्याने बायकोला लाथ मारली तेव्हा बोलली, "हात झडो मेल्याचे. आईने पोटात असतानाच टाकायला पाहिजे होता असल्याला."

"पुढे ऐका ना," वहिनी बोलल्या आणि वाचलं, की नवरा पंचा नळाखाली धरतो, पिळतो, टोकाला गाठ मारतो आणि मग मारतो, म्हणजे लागतं पण वळ उठत नाय. वहिनींनी फोन खाली ठेवला. "हॅट, असं कोण मारतं? काय तरी बनवून लिहितात हे लोक."

सासूच्या हातातला वाल तसाच राहिला. "मारतात," ती बोलली. "सालटं निघत नाय. परत वाच ते."

वहिनींनी परत वाचलं. सासऱ्यांना मी बघितलेलं नाय, माझ्या लग्नाच्या आधीच वारले. पण तिचं तोंड बघून मला कळलं हे माझा नवरा कोणाकडून शिकला.

पुढे वाचू नका असं मला ओरडावंसं वाटत होतं, कारण पुढे काय आहे ते मीच लिहिलं होतं. पुढे सासू होती. कथेतली सासू पलंगावर बसलेली असते, आणि मारायला सुरुवात झाली की रिमोट उचलते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

"बघा बघा थेरडीला!" वहिनी बोलल्या. "नवऱ्याचं राहू दे, पहिली हिला फोडून काढली पाहिजे. हो की नाय मावशी?"

सासूने माझ्याकडे बघितलं. वालाचं भांडं उचललं आणि आत गेली.

मी तिथेच बसून राहिले, मांडीवर सालं तशीच. तिने त्याला सांगितलं तर काय होईल ते मला माहीत होतं. तो आधीच बोलला होता, घरातलं बाहेर गेलं तर पोरगी इथे राहील आणि तू रस्त्यावर. फोनमधून सगळं पुसून टाकावं असं वाटलं, पण पुसून काय होणार, पंचा तर तिने ऐकला होता. पोरीचे दोन कपडे पिशवीत भरले. मग काढले. तेवढ्यात खाली त्याच्या बाईकचा आवाज आला.

चहा दिला. साय आली होती वरती. बस, तेवढंच. कप भिंतीवर फुटला, मग माझ्या कानाखाली, मग पोटात गुडघा, मी फ्रिजला धरून खाली बसले. तो मोरीकडे गेला. नळ सोडला. पोरगी पलंगाखाली शिरली, ती स्वतःच शिरते आता. टीव्हीवर कसली तरी सिरीयल चालू होती आणि सासू समोर पलंगावर, रिमोट हातात.

पंचा पिळल्याचं पाणी लादीवर पडलं. पहिला फटका पाठीवर बसला, श्वासच गेला. मी आवाजाची वाट बघत होते. नेहमी पहिल्या फटक्याला आवाज वाढतो.

टीव्ही बंद झाला.

असं शांत आमचं घर मी कधी ऐकलं नव्हतं. दुसरा फटका बसला तो एवढा मोठा वाजला की मलाच वाटलं भिंत पडली. मी ओरडले. रोज ओरडते, पण रोज ते सिरीयलमध्ये जातं.

"आई, टीव्ही लाव."

"नाय लावत."

"लाव बोललो ना तुला!"

"मार ना तू," सासू बोलली. "मार. बाप पण असाच मारायचा. ऐकू दे आज बिल्डिंगला."

तो तिच्याकडे वळला. हात वर गेला, तिच्यावर. पंच्याची गाठ पंख्याच्या खाली लोंबत होती, पाणी टपकत होतं. आणि हात वरच राहिला. मी लिहिलेलं नव्हतं हे.

ती उठली, त्याच्या अंगाला घासून गेली आणि दार उघडलं. बाहेर समोरच्या वहिनी उभ्याच होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या पंच्याकडे, मग खाली लादीवरच्या पाण्याकडे. मग माझ्याकडे. त्यांचा हात तोंडावर गेला. दुपारी त्यांनीच वाचलं होतं.

तो पंचा टाकून खाली निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला, बायका सुधारला का विचारतात, नाय सुधारला. तोंडाने काय पण बोलतो, दात खातो, त्याची बाईक ऐकली की पोरगी अजून पलंगाखाली शिरते. पण दार उघडं असतं. तो साडेपाचला येतो, त्याच्या आधी सासू दाराला वरवंटा लावून ठेवते, तो झोपेपर्यंत काढत नाय, आणि स्वतः तिथेच उंबऱ्याला बसते काय तरी निवडत. उघड्या दारात त्याचा हात उठत नाय.

टीव्ही बंद झाला तो भाग मी तसाच लिहिला. कमी लोकांनी उघडला. मॅडम बोलल्या, ताई, सासू अशी अचानक बदलते हे पटत नाही वाचकांना. मी बोलले, राहू दे.

सासूने मला कथेबद्दल एकदाच विचारलं, वाल सोलताना, मान वर न करता.

"त्या म्हातारीला तू नाव काय दिलंयस?"

"नाव नाय दिलं, आई."

"नको देऊस," ती बोलली, आणि उठून वरवंटा आणायला गेली, कारण पाच वाजत आले होते.