सोबतीने चालणारे शेजारी

बोरगाव मेघेला आमच्या शेजारी एक कापड दुकानदार राहायचे. पानठेल्यावर जायचं तरी स्कूटर काढायचे. वहिनींना शुगर निघाली. डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला, रोज चालायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकटीले लाज वाटते." दुसऱ्या सकाळपासून हेही धापा टाकत सोबत निघाले. आमच्याकडच्या लग्नात मी जिलेबी वाढायला गेलो, तर ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "तुमची वहिनी खात नाई, मंग मी काऊन खाऊ?"

हळूहळू वहिनींची शुगर आटोक्यात आली, यांचंही पोट उतरलं.

आता दोघं मुलाकडे नागपूरला असतात. सकाळी गल्ली सुनी वाटते. परवा सकाळी त्यांना फोन केला, तेव्हा मागून वहिनी म्हणाल्या, "तुमचं बोलणं चालू द्या, मी निघाली."

त्यांनी घाईने फोन ठेवला.