अप्पांचा आवाज, फुकटात

वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका, हे लोकांना सांगणं हा धारवाडच्या कोर्टात माझा रोजचा धंदा आहे.

घरात इंटरनेट नवीन होतं तेव्हाची गोष्ट. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशात गाठ निघाली. हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. जन्मभर वर्गात मराठी शिकवलेला माणूस! माझी थोरली बहीण अक्का रडतच म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज तेवढा भरून ठेव रे. हाक मारलेली तरी ऐकू येईल."

मी आवाज भरायचं फुकट सॉफ्टवेअर शोधलं. (फुकट म्हटल्यावर वकिलालाही राहवत नाही.) ते उतरवताना एकामागून एक नऊ चौकटी आल्या. प्रत्येकीत बारीक अक्षरांत काहीतरी विचारलेलं, आणि होकाराची खूण आधीच करून ठेवलेली! मी 'पुढे, पुढे' दाबत सुटलो. आवाज भरणारं आलं, सोबत न बोलावलेले पाच जणही आले. त्यात एक नाचणारं अस्वल होतं, आणि एक बाई मधूनच इंग्रजीत ओरडायची, "अभिनंदन! तुम्हाला बक्षीस लागलंय!"

"ही कोण रे?" अक्का दचकली.

"जाहिरात आहे."

"मग काढून टाक की!"

"तीनदा काढली. परत येती!"

दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, म्हणून अप्पा सकाळीच माइकसमोर बसले. दुखऱ्या घशानं पाऊण तास बोलले. आईच्या आठवणी सांगितल्या, नातवंडांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. अक्काला "बाळे" म्हणाले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. मग मी सेव्ह दाबलं आणि पडदा गोठला. अस्वल तेवढं नाचत होतं!

"राहिलं का रे आत?" अप्पांनी विचारलं.

"राहिलं, अप्पा. चला, गाडी आलीय."

गाडीत आणि पुढे दवाखान्यातही ते बोललेच नाहीत, घसा दमला होता. म्हणजे त्यांनी मला तोंडानं विचारलेला तो शेवटचा प्रश्न, आणि मी खोटं बोललो.

ऑपरेशन नीट झालं. घरी येऊन बघतो तर पाऊण तासातले वीस सेकंद शिल्लक! दुरुस्तीवाला म्हणाला, "त्या पाचांनी मशीनचा जीव खाल्लाय, सर. बाकीचं गेलं."

"केस कर की त्यांच्यावर!" अक्का ओरडली. "वकील ना तू?"

कशी करणार? चोरून कुणी आलं नव्हतं. माझ्या वतीनं 'हो' त्यांनीच म्हणून ठेवलं, आणि मी ते खोडलं नाही. ही शुद्ध लबाडी आहे असं मला आजही वाटतं. (कोर्टात समोरच्या बाजूनं उभा असतो तर मीच तिला 'संमती' म्हटलं असतं.)

ते वीस सेकंद आम्ही अजून ऐकतो. अप्पा खाकरतात, "मी..." म्हणतात, तेवढ्यात ती बाई बक्षीस घेऊन येते. अप्पा तिला शांतपणे कानडीत सांगतात, "ब्याड तंगी, नमगेनू ब्याड." नको बाई, आम्हाला काही नको. नऊ वेळा विचारूनही वकिलाच्या तोंडून जे एकदा निघालं नाही, ते मास्तरांनी पहिल्याच फटक्यात सांगून टाकलं!