रांगोळीखालचा पाइप

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोघांची वाट बघणं चालू होतं, नव्या सुनेची आणि हायवेच्या साहेबांची. सून येणार हे नक्की होतं.

शेणव्याहून मुरबाडकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. रस्त्याचा हायवे करायचं निघालं आणि गावाची पाण्याची लाइन नेमकी रुंदीकरणात सापडली. ती उचलून आतल्या गल्लीतून, म्हणजे आमच्या दारावरून न्यायचं ठरलं. साहेबांनी नियम सांगितला, "आधी काम तुम्ही करा, खर्चही तुम्ही करा. मी जागेवर येऊन पाइप बघणार, मापं घेणार, मग पैसे परत. मात्र मी बघेपर्यंत चर बुजवायचा नाही. मातीखालच्या पाइपाचे पैसे मिळत नसतात."

पाणी समितीचा अध्यक्ष मी. माझे गुण बघून कुणी निवडलं असं नाही. ग्रामसभेत मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो, परत आलो तोवर झालो होतो. वर्गणी मागत दारोदार मीच फिरलो. कुणी भात विकून दिली, कुणी गवताच्या पैशांतून. प्रत्येक ओट्यावर मी एकच वाक्य बोललो, "परत येतील, माझा शब्द हाय." माझ्या शब्दावर घरात कुणी मला चहासुद्धा देत नाही. गावाने पैसे दिले.

पाइप पडला, नळांना पाणी आलं, आणि चर तसाच उघडा राहिला. साहेब "उद्या येतो" म्हणायचे. माझं बूड जमिनीला टेकेना. पांढरी गाडी दिसली की पायात चपला घालून रस्त्यावर, आणि बघावं तर दुधाची गाडी. चरात कोंबड्या उतरत, बकरी पडे, कुणी कांद्याची सालं टाकी. मी दोरी बांधली. तिच्यावर वहिनीने गोधड्या वाळत घातल्या.

जो तो विचारी, "काय अध्यक्ष, आला का तुमचा पावना?"

तेवढ्यात पुतण्याचं लग्न आलं. मुलगी मुरबाडकडची, याच रस्त्यावरच्या गावातली. लग्न त्यांच्या दारात. दुपारी पंगतीत बसलो, पानात जिलेबी पडली आणि साहेबांचा फोन वाजला. "मी शहापूरला आहे. गाडी नाही. नेता का?"

जिलेबी तशीच टाकून मी मोटरसायकलला किक मारली. शहापूरला जाऊन साहेबांना मागे बसवलं. वाटेत ते एकदाच बोलले, "जरा हळू." मी ऐकलं नाही. पंधरा दिवस वाट पाहून मिळालेला माणूस, सांडला असता तर?

गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि मला चर दिसेना.

गल्ली सारखी केलेली, चोपलेली, तिच्यावर शेणाचा सडा, आणि आमच्या दारापुढे ही मोठी कमळाची रांगोळी. आई ओट्याखाली बसून शेवटची पाकळी भरत होती. लग्नाला न गेलेली आळीतली माणसं फावडी धुऊन ठेवत होती. भातलावणीला आमच्याकडे सावड असते, आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. त्याच सावडीने त्यांनी माझं अर्ध्या महिन्याचं राखण दोन तासांत बुजवून टाकलं होतं.

"कुठंय पाइप?" साहेबांनी विचारलं.

"रांगोळीच्या खाली," मी म्हणालो.

"आई, अगो काय केलंस हे?"

"काय केलं? नवरी यायच्या दारात उघडा खड्डा ठेवतात का रे कधी? मांडवाच्या खांबाची जागा चुकली तरी तो खड्डा बुजवतो आपण. तुला सांगितलं असतं तर तू दिला असतास बुजवायला?"

"मी फळी टाकणार होतो ना!"

"फळीवरून बकरी जाते. सून नाय."

साहेबांनी टेप खिशात घातला. मी त्यांच्यापुढे काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी ते म्हणाले, "मी दाखवीन तिथे उकरा. वळणावरचा जोड मला दिसलाच पाहिजे. आणि उजेड आहे तोवर."

वळणावरचा जोड कमळाच्या बरोबर मधोमध होता.

लग्नाचा सदरा वर खोचून मी टिकाव उचलला. चार घाव घातल्यावर धाप लागली, तेव्हा बुजवणारेच उकरायला आले. "सरक अध्यक्ष. दुपारी बुजवा, संध्याकाळी उकरा. तुझ्या राज्यात कामाला तोटा नाय." बाकीचे खड्डे झाले. कमळावर मात्र आई उभी राहिली, आणि तेवढ्यात वऱ्हाडाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"थांबव त्यांना तिथंच," आई म्हणाली. मग साहेबांकडे बघून, "बाबा, तुझ्या घरात सून येताना तू उकरशील?"

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. उजेड उतरत होता. मला घरोघरचे ओटे दिसायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी नवरी उतरली. काय झालंय ते वहिनीने तिला कुजबुजत सांगितलं. ती मान खाली घालून उभी राहील असं सगळ्यांना वाटलं. तिने मुंडावळ्या बाजूला केल्या आणि तिथूनच म्हणाली, "आजी, आमच्या दारात पण असाच चर हाय. आमच्याकडं साहेब अजून आलाच नाय. तुमी आधी त्यांना मोजू द्या. मी ऱ्हाते उभी."

वऱ्हाड हसलं. आईही हसली, पण पदराआड. कमळावरून बाजूला झाली. "उकरा रे. आणि बुजवायच्या वेळी कुणी पळू नका."

साहेबांनी गुडघे टेकून जोड बघितला, टेप लावला, वहीत लिहिलं. त्यांचा हात बाहेर यायच्या आत माती लोटली गेली. आईने त्या ओल्या मातीवर घाईघाईने नवी रांगोळी घातली. ती कमळापेक्षा फुलकोबीसारखी दिसत होती. तिच्या कडेने सून घरात आली.

पैसे पावसाळ्यानंतर आले. ज्या ओट्यांवर शब्द दिला होता त्याच ओट्यांवर मी ते परत केले. वाटलं, आता बसायला हरकत नाही.

तर व्याह्यांचा फोन. त्यांचा चर अजून उघडाच. "साहेबाला आणलंत कसं तुमी?"

"सोपं आहे," मी म्हणालो, "चर बुजवा. लगेच येतात."

ते हसले नाहीत. त्यांच्याकडेही वर्गणी त्यांनीच काढलीय म्हणे. स्वयंपाकघराच्या दारातून सून माझ्याकडे बघत होती. मी उठलो आणि चपला शोधायला लागलो.